बारावीला ६१ टक्के, आणि आता अमेरिकेत बदली

‘मॅडम, मी भांडुपला राहते. बारावी सायन्सला मला ६१ टक्के मिळाले. दोन वर्षं जेईईच्या क्लासला गेले, तिथेही काही झालं नाही आणि त्या नादात बोर्डही गेलं. सेंट्रल लाइनवरच्या एका कॉलेजात बीएस्सीला सीट मिळाली. मेजर विषय संख्याशास्त्र. घेताना नाइलाज होता, पण आता तो विषय खरंच आवडायला लागलाय. पहिल्या सेमिस्टरला ९.२ एसजीपीए आला. न्यू जर्सीची आत्या म्हणते, तिकडे कॉलेज मध्येच बदलता येतं, तू चांगल्या विद्यापीठात अर्ज कर आणि माझ्याकडे राहा. माझ्या डोक्यात कॉर्नेल आहे. मार्चमध्ये मुदत संपते. बाबा बँकेत आहेत, ते म्हणतात पैशाचं बघू. आई म्हणते आधी श्रेणीसुधारला बसून बारावीचे मार्क वाढव. क्लासचे जुने सर म्हणाले, बारावीचं तिकडे सांगूच नकोस, कोण बघतंय. मी काय करू? ता. क. वर्गातल्या एका प्रोजेक्टसाठी मी कुलाबा आणि सांताक्रूझच्या पावसाच्या आकड्यांवर काम करतेय, पण त्याचा इथे काही संबंध नाही. – स., भांडुप’

प्रिय स.,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. येत्या मार्चला अर्ज करू नकोस. पुढच्या वर्षीच्या मार्चला कर, चार-पाच ठिकाणीच कर, आणि खर्चाचा मोठा वाटा विद्यापीठ उचलणार असेल तरच जा. तसं झालं नाही तर इथली पदवी पूर्ण करून पुढच्या शिक्षणाला मोठं ठिकाण गाठ. तुझ्या बाबतीत हा दुसरा रस्ता जास्त खात्रीचा आहे असं मला वाटतं. पण पहिला आजच बंद करून टाकावा, इतकाही तो वाईट नाही.

सरांचा सल्ला मात्र ताबडतोब विसर. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं ‘कॉमन ॲप’ नावाच्या एकाच अर्जातून बदलीचे अर्ज घेतात. त्यात शाळेची आणि आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची नोंद द्यावी लागते, आणि दिलेली माहिती खरी व पूर्ण आहे असं लिहून द्यावं लागतं. काही दडवलेलं नंतर उघडकीला आलं तर प्रवेश रद्द होऊ शकतो, मग तू तिथे वर्षभर शिकलेली असलीस तरी. शिवाय ६१ टक्के हा काही गुन्हा नाही. दडवलंस तर तो होईल.

आईचं सांगणं काळजीपोटी आहे, पण श्रेणीसुधाराने इथे काही सुधारत नाही. नवी मार्कशीट आली तरी जुनी पुसली जात नाही. आणि कॉलेजात संभाव्यतेचे सिद्धांत शिकणारी मुलगी परत बारावीचं केमिस्ट्री पाठ करत बसली, तर त्या वर्षात तिचा ९.२ चा काय होईल याचा विचार कर. तो आकडा हेच तुझं आजचं भांडवल आहे. आईला हे माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल.

आता या मार्चला का नको ते. कॉलेजचं एकच सेमिस्टर हातात असताना अर्ज केला, तर निवड करणाऱ्यांपुढे तुझी नोंद म्हणून काय असतं? बारावीची दोन वर्षं आणि कॉलेजचे साडेचार महिने. साहजिकच शाळेच्या गुणांकडे नजर जास्त जाते. पुढच्या वर्षी अर्ज केलास तर तीन सेमिस्टर पूर्ण झालेली असतील आणि चौथं चालू असेल. चांगल्या गुणांची तीन सेमिस्टर हातात असली की बारावीचा आकडा जुना होतो. त्यापेक्षा जास्त थांबण्यात पुन्हा धोका आहे, कारण काही विद्यापीठं दोन वर्षांहून जास्त कॉलेज झालेल्या विद्यार्थ्याला बदलीने घेतच नाहीत. हार्वर्डचा नियम तसाच आहे: किमान एक वर्ष झालेलं हवं आणि दोनपेक्षा जास्त नको.

हार्वर्डचं नाव निघालंच आहे तर तेही सांगून टाकते. तिथे बदलीने वर्षाला जेमतेम डझनभर विद्यार्थी घेतात. येलमध्ये हजारावर अर्जांतून वीस ते तीस. प्रिन्स्टनने तर १९९० नंतर बदलीचा दरवाजा बंदच ठेवला होता, तो २०१८ मध्ये पुन्हा थोडासा उघडला. कॉर्नेल त्या मानाने फार वेगळं आहे, तिथे दरवर्षी शेकड्यांनी विद्यार्थी बदलीने येतात. आत्याने कॉर्नेल ऐकून सांगितलं असेल किंवा तूच शोधलं असशील, नाव बरोबर हेरलंय. मात्र त्या शेकड्यांत न्यूयॉर्क राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांची, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजांची, मुलं बरीच असतात हे लक्षात ठेव. आणि तिथे अर्ज ‘कॉर्नेलला’ करता येत नाही, त्यातल्या एखाद्या कॉलेजला करावा लागतो. प्रत्येक कॉलेजच्या अटी निराळ्या, आधी कोणते विषय झालेले हवेत त्याची यादी निराळी. ती यादी आज वाचलीस तर पुढच्या वर्षभरात इथे कोणते विषय घ्यायचे ते ठरवता येईल. मार्चमध्ये वाचून उपयोग नाही.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांबद्दल कुणीतरी तुला सांगेलच. तिथे बदलीच्या अर्जात मुख्य भर कॉलेजच्या गुणांवर असतो, हे खरं. दोन वर्षांचं काम, म्हणजे ६० सेमिस्टर-क्रेडिट, झाल्यावर तिसऱ्या वर्षात घेतात. पण तिथे पहिला मान राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांना असतो, आणि परदेशी विद्यार्थ्याला आर्थिक मदत जवळपास नाहीच. अर्जही मार्चमध्ये नसतो, नोव्हेंबरअखेरपर्यंत भरायचा असतो. तुझ्या यादीत हे नाव मी ठेवणार नाही.

आता तुझ्या ताज्या कलमाकडे येते, कारण सगळ्या पत्रात मला सगळ्यात जास्त रस तिथेच वाटला.

बदलीच्या अर्जात एक निबंध मागतात: इथून का जायचंय आणि तिथे जाऊन काय करायचंय? नव्वद टक्के मुलं त्यात आपल्या कॉलेजला नावं ठेवतात. लायब्ररी लहान, शिक्षक येत नाहीत, सोबतची मुलं सीरियस नाहीत. (नव्वद हा माझा अंदाज आहे, संख्याशास्त्रवालीने हिशेब मागू नये.) ते वाचणाऱ्याला इतकंच कळतं की या मुलीला कुठेतरी जायचं आहे. जेईईची कहाणीही अनेकजण तीन-तीन परिच्छेद लिहितात. तू ती दोन वाक्यांत आटप: दोन वर्षं ज्या परीक्षेसाठी दिली ती माझी नव्हती, बोर्डाकडे दुर्लक्ष झालं. एवढं पुरे. सबब नको आणि रडगाणंही नको.

मग उरलेल्या जागेत काय लिहायचं? पाऊस. तू मुंबईची आहेस, तुझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्यात ७३. दोन केंद्रांमधलं अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत. एकाच शहरात, एकाच दिवशी, तेरापट फरक. तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू सरासरी आणि प्रमाण विचलन काढलं असशील, सहसंबंध काढला असशील. आता स्वतःला विचार: त्या ९४४ चं काय करायचं? तो आकडा ठेवला तर सरासरी वेडीवाकडी होते. काढला तर ज्या दिवसाने शहर बुडवलं तोच दिवस हिशेबातून गेला. अशा टोकाच्या आकड्यांसाठी संख्याशास्त्रात एक वेगळी शाखाच आहे, ‘एक्स्ट्रीम व्हॅल्यू थिअरी’. आपल्याकडच्या पदवीच्या अभ्यासक्रमात ती सहसा भेटत नाही.

अजून एक. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचा रोजच्या पावसाचा डेटा मोफत मिळतो. भारताचे पाव-पाव अंशाचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनाला रोजचा एक आकडा दिलाय. एका चौकोनाची बाजू साधारण २७ किलोमीटर. म्हणजे कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यातला तो तेरापट फरक चौकोनांच्या सरासरीत बराचसा विरघळून जाऊ शकतो. तो किती विरघळतो, हे तू स्वतः तपासून बघू शकतेस. दोन केंद्रांचे आकडे तुझ्याकडे आहेतच, चौकोनाचे उतरवून घे. हे काम दुसऱ्या वर्षाच्या मुलीला जमण्यासारखं आहे, आणि ते केलंस की ‘इथे मला पुढचं शिकवायला कुणी नाही, तिथे हा विषय शिकवतात’ हे वाक्य तुझ्या निबंधात खोटं वाटणार नाही. कॉर्नेलमध्ये संख्याशास्त्र आणि डेटा सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे. तिथले पदवीचे कोर्स चाळ, आणि खरोखर हवे असलेले दोनच कोर्स नावानिशी लिही.

हे काम करताना शिक्षकांशी ओळख होईल, तीही लागणार आहे. शिफारसपत्रं मी आयुष्यात बरीच लिहिली, आणि बरीच ‘मॅडम, मी टाइप करून आणलंय, फक्त सही’ म्हणून पुढे आलेली परत पाठवली. आपल्या कॉलेजांत शंभर-सव्वाशेच्या वर्गात शिक्षक मुलाला चेहऱ्याने ओळखतो, कामाने ओळखत नाही, म्हणून ही पद्धत पडली. तू तसं करू नकोस. एका शिक्षकाकडे पावसाचं काम घेऊन महिन्यातून एकदा जा, चुका दाखवून घे, सुधारून पुन्हा जा. वर्षभराने त्यांना तुझ्याबद्दल लिहायला खरंच काहीतरी असेल. पत्राची लिंक त्यांना थेट ईमेलवर जाते. शक्य तर तो पत्ता कॉलेजचा असू दे, नुसता जीमेलवरचा नको. कॉलेजने तो दिलेलाच नसेल तर प्राचार्यांच्या कार्यालयात आधी विचारून ठेव.

कार्यालयाचा विषय निघालाच आहे तर सांगते. बदलीच्या अर्जात ‘कॉलेज रिपोर्ट’ नावाचा फॉर्म असतो, तुझ्या कॉलेजच्या एखाद्या अधिकाऱ्याने तुझी वर्तणूक आणि सध्याची स्थिती कळवायची. काही विद्यापीठं ‘मिड-टर्म रिपोर्ट’ही मागतात, चालू सेमिस्टरच्या गुणांचा. आपल्या कॉलेजातल्या खिडकीवरच्या ताईंनी हे फॉर्म कधी पाहिलेले नसतील, आणि त्यात त्यांचा दोष नाही. रांगेत उभी राहून वाद घालू नकोस, उपप्राचार्यांना भेट, छापलेला फॉर्म हातात दे. ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत पत्रकाचा, अर्ज डिसेंबरमध्येच टाक. तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल वेळेवर लागेल असं धरून चालू नकोस. ९.२ चं स्वतःच अमेरिकेतल्या चारपैकी गुणांच्या मापात रूपांतर करत बसायचं नाही, दहापैकी आहे तसं लिहायचं. विद्यापीठाने मूल्यमापन मागितलं तर ‘वेस’सारख्या संस्था ते करतात.

क्रेडिटचा हिशेब थोडा कडू आहे. तुझी बॅच नव्या शैक्षणिक धोरणाची, सेमिस्टरला २०-२२ क्रेडिट. अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिटची. तेव्हा दोन वर्षांत ८० पेक्षा जास्त झाले, थोडेच उरले, असं वाटेल. तसं होत नाही. कोणते विषय ग्राह्य धरायचे ते तिथलं विद्यापीठ ठरवतं. गणित आणि संख्याशास्त्र बहुधा धरतील, भारतीय ज्ञान प्रणाली किंवा सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट बहुधा नाही. शिवाय अनेक ठिकाणी किमान दोन वर्षं तिथेच शिकावी लागतात, तेव्हाच त्यांची पदवी मिळते. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह आत्तापासून जपून ठेव. मनात हिशेब धरताना अडीच-तीन वर्षं धर.

म्हणजे पैशाचा हिशेबही अडीच-तीन वर्षांचा. खाजगी विद्यापीठात राहणं-खाणं धरून वर्षाला ८० ते ९० हजार डॉलर लागतात, म्हणजे सत्तर लाखांच्या आसपास किंवा वर. एका वर्षाचे. ‘पैशाचं बघू’ हे बाबांचं प्रेम आहे, पण त्या प्रेमाला आकडा विचार. रविवारी दोघांनी बसा, कागदावर लिहा: बचत किती, कर्ज किती झेपतं, घर तारण ठेवायची वेळ आली तर बाबा निवृत्त होईपर्यंत फिटतं का. बँकेतल्या माणसाला हे मी शिकवायला नको. दुसऱ्याच्या मुलीचं कर्जप्रकरण त्यांच्या टेबलावर आलं असतं तर त्यांनी काय शेरा मारला असता, तेवढं विचार.

परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता निवड करणारी विद्यापीठं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. बाकी ठिकाणी मदत मागितलीस की निवड अवघड होते, आणि बदलीने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक ठिकाणी मदत नसतेच. प्रत्येक विद्यापीठाच्या आर्थिक मदतीच्या पानावर ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ट्रान्स्फर’ हे दोन्ही शब्द एकत्र कुठे येतात ते शोध. पहिल्या वर्षाच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या वाचून हुरळून जाऊ नकोस. माझ्या ‘चार-पाच ठिकाणी’चा अर्थ हाच: जिथे बदलीच्या परदेशी विद्यार्थ्यालाही मदत देतो असं स्पष्ट लिहिलंय, तेवढीच. कॉर्नेल या चाळणीतून गळलं तर गळू दे.

आत्याच्या घराबद्दल. राहण्याचा खर्च वाचेल, हे मोठंच आहे. पण विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुलगी नातेवाइकांकडे राहिली म्हणून न्यू जर्सीची रहिवासी ठरत नाही, त्यामुळे रटगर्ससारख्या सरकारी विद्यापीठात तिला स्थानिक मुलांची फी लागत नाही, बाहेरच्यांची लागते. आणि कॉर्नेल न्यूयॉर्क राज्याच्या आत दूरवर इथाकाला आहे, न्यू जर्सीहून रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही. आत्याला हे ठाऊक नसेल असं नाही. भाचीला बोलावताना माणूस नकाशा उघडत नाही, इतकंच.

ठाण्या-दादरला ‘गॅरंटीड ट्रान्स्फर’च्या पाट्या दिसतील. निबंध आम्हीच लिहून देतो म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून लगेच उठून ये. तुझ्या पावसाबद्दल तो काय लिहिणार?

आता दुसरा रस्ता. मुंबईतल्याच चांगल्या कॉलेजात, रुईयाला किंवा झेवियर्सला, दुसऱ्या वर्षाला जाण्याचा विचार तुझ्या मनात आला असेल. दोन्ही स्वायत्त आहेत, अभ्यासक्रम त्यांचे स्वतःचे, त्यामुळे तुझे विषय जुळायला हवेत आणि सीट रिकामी हवी. क्रेडिट बँकेत तुझे क्रेडिट जमा होतात हे खरं, पण ती बँक सीट देत नाही. मे-जूनमध्ये दोन्हीकडे चौकशी कर, ट्रान्स्फरन्स सर्टिफिकेटची तयारी ठेव, मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर त्यावर एक रात्रही जागू नकोस.

जागायचंच असेल तर यावर जाग: आयआयटीच्या एमएस्सीसाठी ‘जॅम’ ही परीक्षा असते, साधारण फेब्रुवारीत, आणि तिच्यात गणितीय संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. गुणवत्ता यादी त्या पेपरच्या गुणांवर लागते. भांडुपहून पवई म्हणजे कांजूरहून रिक्षा. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, महालनोबिसांनी १९३१ मध्ये उभारलेली, एम.स्टॅटसाठी स्वतःची लेखी परीक्षा घेते आणि मग मुलाखत. ज्या मुलीला जेईईच्या क्लासमध्ये आपण कुठेच नाही असं वाटलं, ती तीन वर्षांनी आवडत्या विषयाच्या जोरावर त्याच पवईच्या फाटकातून आत जाऊ शकते. बारावीचा तिथे अडसर नाही. पुढे अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीलाही पदवीचे गुण, शिफारसपत्रं आणि केलेलं काम बघतात. काही विद्यापीठांना चार वर्षांची पदवी लागते, त्यासाठी नव्या धोरणातलं चौथं, ऑनर्सचं वर्ष आहेच. पीएचडीला तर फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळण्याची पद्धत आहे. पावसावर तुझं मन असंच राहिलं तर मला वाटतं तू तिकडेच जाशील.

दोन्ही रस्त्यांसाठी पुढच्या बारा महिन्यांचं काम एकच आहे, म्हणून आज निवड करायची घाई नाही. गुण नऊच्या खाली येऊ देऊ नकोस. ‘आर’ किंवा पायथन, संगणकाची कोणतीही एक भाषा शीक. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते चौकोनांचं काम पूर्ण करून दहा पानांत लिहून काढ. पासपोर्ट नसेल तर आत्ताच अर्ज कर. आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घेताना नोव्हेंबरची सेमिस्टर परीक्षा त्याच आठवड्यात येत नाही ना, तेवढं आधी पाहून घे.